आमच्या स्कॉटलंडला

पाटणकर काका "आमच्या स्कॉटलंडला" असं म्हणाले की नव्या माणसाला वाटतं, ह्यांचा जन्म तिकडचा असणार. निदान पाचसहा वर्षं नोकरी तरी केली असणार. काका मूळचे मिरजेचे. पुढचं सगळं आयुष्य अमेरिकेत, विमानाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून. स्कॉटलंडला ते एकदाच गेले, रिटायर झाल्यावर, निर्मलाकाकूंना घेऊन, तिकडच्या एका आडबाजूच्या बेटावर. राहिले एकूण अकरा दिवस. पण "आमच्या मिरजेला" असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलेलं नाही. मिरज ती मिरज. स्कॉटलंड मात्र आमचं.

मी सांगलीची. शेजारगावचा माणूस भेटला म्हणून पहिल्याच भेटीत मोठ्या उत्साहानं विचारलं, "काका, मिरजेला कुठं राहायचा?" काका म्हणाले, "स्टेशनाजवळ. बरं, तुझ्या खिडकीबाहेर आत्ता जो बसलाय ना, तो आमच्या स्कॉटलंडलाही असतो. फक्त थोडा बारीक." मी वळून पाहिलं तर एक चिमणी होती. मला काही त्या चिमणीत कौतुकाचं दिसलं नाही. मी चहा ठेवायला उठले आणि मनात म्हटलं, कठीण आहे.

आम्ही अमेरिकेत बॉथेलला ज्या टाउनहाउसच्या कॉलनीत राहतो तिथं काका आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. ओंकारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आणि माझ्या दोघांच्याही नोकऱ्या सॉफ्टवेअरच्या. कॉलनीत निम्मे आपलेच. सगळे काकांना पाठीमागं स्कॉटलंड काका म्हणतात. पाऊस लागला आणि कुणी कुरकुर केली की काका म्हणणार, "ह्याला काय पाऊस म्हणतात? आमच्या स्कॉटलंडला आडवा पडतो." मंडळाच्या गणपतीत एकदा मखर कसलं करायचं यावरून दोन कमिटी मेंबर अगदी हमरीतुमरीवर आले होते. काका मध्ये पडले आणि म्हणाले, "आमच्या स्कॉटलंडला वाळू संपली की लगेच फुलांचं कुरण सुरू होतं. पिवळी, पांढरी, जांभळी, नजर पोचेल तिथपर्यंत. त्याला तिथले लोक माखर म्हणतात. देव तेवढा बसवायचा राहिलाय." भांडण तिथंच थांबलं, कारण कुणाला काही सुचेचना.

त्या अकरा दिवसांतली एक गोष्ट काका प्रत्येकाला सांगतात. मी ती इतक्यांदा ऐकलीय की झोपेतही सांगेन.

झालं असं की बेटावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी दोघं किनाऱ्यावर फिरत होते. काका दुर्बीण लावून पाण्याकडं, काकू खाली मान घालून फुलांकडं. काकूंना पक्ष्यांचं काही नव्हतं, त्यांना फुलं. गुडघे टेकून बसायच्या आणि एकेका फुलाला नातं लावायच्या, ही तेरड्याची भाची, ही मोहरीची जाऊ. तेवढ्यात त्यांच्या समोरून एक छोटा पक्षी, गळ्यात काळा पट्टा असलेला, पंख फरफटत निघाला. पंख मोडलेला, आवाज केविलवाणा. काकूंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांच्या पर्समध्ये हळदीची पुडी कायम असायची, प्रवासात कुठं कापलं, खरचटलं तर असावी म्हणून. पुडी काढून त्या पक्ष्याच्या मागं. पक्षी पुढं, काकू मागं, चिमटीत हळद, तोंडानं "थांब रे बाळा, थांब". असं करत करत गेल्या पार किनाऱ्याच्या टोकाला. तिथं पोचल्यावर त्या पक्ष्यानं दोन्ही पंख झाडले आणि भुर्रकन उडून गेला. ठणठणीत.

"नाटक!" काका इथं मांडीवर थाप मारतात. "त्याचं घरटं होतं मागं, गोट्यांमध्ये. आपण घरट्याजवळ गेलो की तो लंगडा होतो आणि आपल्याला लांब घेऊन जातो. निर्मला तिथं खाली बसली आणि हसायला लागली. हातात हळद. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, अहो, शंभर बाळंतपणं केली मी, पण मला असं कुणी बनवलं नव्हतं."

शंभर हा काकूंचा आकडा. खरा किती ते देव जाणे. पण ज्यांच्या आईला इकडं येता आलं नाही अशा कितीतरी मराठी मुलींची बाळंतपणं काकूंनी केली, हे खरं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, बाळाची आंघोळ, सगळं. कुणाकडं आठवडा, कुणाकडं महिना. काकूंना गाडी चालवता यायची नाही म्हणून काका त्यांना सोडायला जायचे. "मी ड्रायव्हर," असं काका स्वतः सांगतात. मी हे सगळं ऐकीव सांगतेय. मी बॉथेलला आले त्याच्या आदल्याच वर्षी काकू गेल्या होत्या. त्यांचा एकुलता मुलगा तिकडं पार बोस्टनला.

शनिवारी काका कॉलनीतल्या कुणाला तरी पकडून बेटावर न्यायचे. आपलं इथलं बेट, व्हिडबी. मुकिल्टिओला गाडीसकट फेरीबोटीवर चढायचं, वीसेक मिनिटांत पलीकडं. गाडीत बसून फोन बघत बसलेलं चालायचं नाही. काका काच वाजवून बाहेर काढायचे. "वर चल. ते बघ, काळे पक्षी, पाय लाल. अळता लावल्यासारखे आहेत की नाहीत? आमच्या स्कॉटलंडला ह्यांचे मावसभाऊ असतात." किनाऱ्यावर खडकांमध्ये एक कोळशासारखा काळा पक्षी लाल चोचीनं शिंपले फोडत बसलेला असायचा. "हा तिकडं काळापांढरा असतो. इकडं नुसता काळा. गणवेश वेगळा, चोच तीच." हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. कॉलनीत नवीन कोण राहायला आलं, साउथ इंडियन, पंजाबी, गोरे, कुणीही, काका दोन मिनिटं गप्पा मारून येणार आणि रिपोर्ट देणार, "गणवेश वेगळा, चोच तीच."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सातवा महिना होता. मे महिना. किनाऱ्यावरच्या चढावर गुलाबी फुलांचे गेंद डोलत होते, झेंडूची पिल्लं असावीत असे. वाळूत जांभळ्या फुलांचा रानवाटाणा पसरलेला. मी जरा बरी बसायला जागा बघत होते, तर काका ओरडले, "तिथं नको! बाळंतीण आहे."

गोट्यांच्या पट्ट्यात चार काठ्या रोवून काकांनी दोरी बांधली होती आणि एक पुठ्ठ्याची पाटी लावली होती. वर इंग्रजीत, खाली मराठीत. "बाळंतिणीची खोली. आवाज करू नये. कुत्रे व फोटोग्राफर यांस सक्त मनाई." ओंकार पुण्याचा. अमेरिकेत येऊन त्याला आठ वर्षं झाली होती, पण ती पाटी बघून त्याला अगदी भरून आलं.

दोरीच्या आत काहीच दिसत नव्हतं. काकांनी बराच वेळ बोट दाखवल्यावर कळलं की गोटे म्हणून मी जे बघत होते त्यातली चार अंडी होती. आणि बाजूला आई उभी, गळ्यात काळे दोन पट्टे. "किलडिअर. आपल्या टिटवीच्या भावकीतली. तिकडच्याला एक पट्टा, इकडं दोन. अमेरिकेत सगळं डबल."

मी एक पाऊल पुढं टाकलं असेल नसेल, ती बया पंख मोडून पडलीच. शेपूट पसरली, एक पंख जमिनीवर आपटत, चिरकत निघाली लांब. मला गोष्ट पाठ होती, त्यामुळं मी हसले आणि जागच्या जागी उभी राहिले. काका माझ्यावर चिडले.

"उभी काय राहिलीस? जा की तिच्या मागं."

"काका, नाटक आहे ना ते?"

"आहेच नाटक. म्हणून काय पाडायचं? ती बिचारी जीव तोडून करतेय. आपण फसलो नाही असं तिला कळलं की जीव घाबरा होतो तिचा. चार पावलं जायचं मागं. फसल्यासारखं करायचं. आपलं काय जातंय?"

सातव्या महिन्यात, पोट सांभाळत, मी एका धडधाकट पक्ष्याच्या मागं फसल्यासारखं करत चालले. ओंकार व्हिडिओ काढत होता. त्याच्याशी मी परतीच्या फेरीत बोलले नाही.

आता जरा माझ्याविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला कुणाची मदत घ्यायला आवडत नाही. स्वभाव आहे. आमच्या घरात आजीपासून हीच रीत, मरू पण मागणार नाही. आई माझ्या बाळंतपणाला येणार होती, तिकीट काढलेलं, चकलीची भाजणी बांधून तयार. निघायच्या आठवडाभर आधी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि पाय मोडला. सासूबाईंना सासऱ्यांचं आजारपण सोडून हलता येत नव्हतं. मंडळाच्या बायकांनी लगेच जेवणाचे डबे द्यायची साइन-अप लिंक बनवली. मी लिहिलं, "थँक्यू सो मच, वी विल मॅनेज." वर दोन हात जोडलेले.

काकांना कळलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "टिटवी कशी झोपते माहीत आहे ना? पाय वर करून. रात्रीत आभाळ पडलं तर धरायला. मेधा, आभाळ तुझ्या एकटीच्या पायांवर नाही." मी म्हटलं, "काका, खरंच गरज नाही." त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. मग "बरं" म्हणून गेले.

जुलैमध्ये सई झाली. किलडिअरची पिल्लं म्हणे अंड्यातून बाहेर आली की अंग वाळेपर्यंत थांबतात आणि चालायला लागतात. सई रडायला लागली. ती थांबेचना. ओंकारची नोकरी नवी, त्याला सुट्टी मिळाली दोन आठवडे, आणि ते दोन आठवडे आम्ही दोघं एकमेकांवर वसावसा ओरडण्यात घालवले. त्यानं केलेला भात एकदा खीर व्हायचा, एकदा गारगोट्या. सुट्टी संपून तो ऑफिसला गेला त्या दिवशी दुपारी मी ओट्याशी उभी राहून कोरडं सीरियल मुठीनं खात होते. दुधाची बाटली उघडायला दुसरा हात नव्हता, त्यावर सई होती. टाके ओढत होते. आईचा व्हिडिओ कॉल आला. आई म्हणाली, "जेवलीस का गं?" मी म्हटलं, "हो, वरणभात." फोन ठेवला आणि तिथंच खाली फरशीवर बसले, आणि लेकीच्या सुरात सूर मिसळून रडले. मला झेपत नव्हतं. आणि झेपत नाही हे कुणाला सांगायचं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती. लिंक बंद करून आता कुठल्या तोंडानं सांगणार?

त्याच संध्याकाळी काकांचा ओंकारला फोन. आवाज अगदी खोल गेलेला. कंबर धरली. जिना चढवत नाही. त्यांची बेडरूम वर, आणि खालची खोली पक्ष्यांच्या दाण्यांच्या पोत्यांनी भरलेली. "तुमची खालची खोली रिकामी असते ना? चार दिवस पडून राहिलो असतो. मेधाला त्रास होणार नसेल तर."

मी म्हटलं, घ्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मदत घ्यायला माझा नकार असतो, करायला नसतो. ओंकार जाऊन त्यांना घेऊन आला. काका कमरेला रुंद पट्टा बांधून, भिंतीला धरून, आई गं आई गं करत आत आले. मागून ओंकार दोन बॅगा, एक प्रेशर कुकर, एक लोखंडी कढई आणि एक जड पिशवी घेऊन आला. आजारी माणूस स्वतःची कढई घेऊन येतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पडल्या पडल्या कंटाळा येतो," काका म्हणाले. "हात चालू असले की कंबर सैल होते. डॉक्टर म्हणाले."

कुठला डॉक्टर असं सांगतो हे मी विचारलं नाही. विचारायला अंगात त्राण हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती तुपाच्या वासानं. खाली आले तर काका पट्टा बांधून ओट्याशी, आणि तुपात डिंक फुलत होता. खारीक कुटून झालेली. शेजारच्या गॅसवर अळीव, नारळाच्या दुधात. एका ताटात भाकरी, लसणाची फोडणी दिलेली मेथी आणि वाटीत तूप. "खा. बसून खा. तिला इकडं दे." सईला त्यांनी असं घेतलं की तिची मान, पाठ, सगळं एका तळहातावर. सईनं दोनदा चोच उघडली आणि गप्प झाली.

आईचा कॉल आला. मागून काकांचा खर्ज ऐकून ती दचकली. "कोण गं ते?"

"पाटणकर काका. त्यांची कंबर धरलीय. विश्रांतीला आलेत."

"मग ते डिंक का तळतायत?"

काका फोनमध्ये डोकावले, "नमस्कार वहिनी. मिरजेचा आहे. बाळंतशेपा आणलाय, काळजी करू नका." त्यानंतर त्या दोघांची जी गट्टी जमली ती अशी की आई फोन करायची मला आणि बोलायची त्यांच्याशी. सुंठ किती, मेथ्या किती. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून आई सांगलीहून हुकूम सोडायची आणि काका म्हणायचे, "आमच्या निर्मलाचं प्रमाण वेगळं होतं वहिनी, पण तुमचंही करून बघू."

चार दिवसांचे आठ झाले. आठांचे पंधरा. कंबर काही सुधारेना. काकांनी ओंकारला फरशीवर बसवून, पाय लांब करून, पायांवर बाळ घेऊन आंघोळ घालायला शिकवली. आधी स्वतः बसून दाखवली. पुण्याचा माणूस, त्यानं प्रत्येक गोष्टीवर शंका काढली, आणि काकांनी प्रत्येक शंकेचं निरसन केलं. सईला दुपट्यात बांधून खिडकीशी उभे राहायचे आणि झाडावर कोण येऊन बसलंय ते तिला सांगायचे. मी तोवर झोपायचे. दोन दोन तास, सलग. ज्याचं मूल लहान असेल त्यालाच ह्या वाक्याची किंमत कळेल.

एक दिवस लाडू वळताना मी म्हटलं, "काका, तुम्हाला हे सगळं येतं कसं? तुम्ही तर ड्रायव्हर ना?"

"पहिल्या बाळंतपणाला गाडीत बसून राहिलो. जानेवारी होता. थंडीनं काकडलो म्हणून आत आलो, तर निर्मलानं खलबत्ता हातात दिला. मग काय, खलबत्त्यापासून वर चढत गेलो." लाडू वळत राहिले. मग म्हणाले, "ती होती तोवर आमचा फोन सारखा वाजायचा. अमकीला आठवा लागला, तमकीची आई येत नाहीये. ती गेली आणि फोन बंद. पोरं होतायत हे मला ग्रुपवर कळतं. फोटो येतो, मी अंगठा दाखवतो. आता बाप्या माणसाला बाळंतपणाला कोण बोलावणार? आणि आपण होऊन 'येऊ का' म्हणायचं कसं? वेडाच म्हणतील म्हातारा." एवढं बोलून त्यांना एकदम कमरेची आठवण झाली. "आई गं," म्हणाले, आणि उजवी बाजू दाबली.

मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं दोनतीन दिवसांनी.

सकाळी मी सईला खांद्यावर घेऊन वरच्या खिडकीशी उभी होते. खाली काकांच्या घरासमोर त्यांची गाडी. काका "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले होते. बघते तर गाडीची डिकी उघडी, आणि काका पक्ष्यांच्या दाण्याचं भलंमोठं पोतं खांद्यावर टाकून ताड ताड चाललेत. शीळ घालत. ते पोतं गॅरेजमध्ये आपटलं, परत आले, दुसरं उचललं. ओंकारला ते पोतं हलवता आलं नसतं.

दुसरं पोतं खांद्यावर असतानाच त्यांनी वर पाहिलं. मी दिसले.

पोतं हळूच खाली उतरलं. हात कमरेवर गेला. डाव्या बाजूला. पाय फरफटायला लागला. आणि गंमत म्हणजे ते आमच्या घराकडं आले नाहीत. कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूनं, वाकून, कण्हत, उलट्या दिशेला निघाले. मला लांब कुठंतरी घेऊन चालल्यासारखे.

मी खिडकीत उभी राहून हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले मलाच कळलं नाही. सई दचकून बघत राहिली. तो फोन, ती कढई, तो कुठला तरी डॉक्टर, सगळं एकदम उलगडलं. मी "नको" म्हणणार हे त्यांना माहीत होतं, आणि "येऊ का" म्हणायची त्यांना लाज वाटत होती. तेव्हा अडुसष्ट वर्षांचा हा माणूस पंख मोडून माझ्या दारात येऊन पडला होता.

एक क्षण तोंडावर आलं होतं, काका, परवा तर उजवी दुखत होती. माझ्या जिभेला हाड नाही, सगळी कॉलनी सांगेल. पण मला तो किनारा आठवला. नाटक पाडायचं नाही. चार पावलं जायचं मागं.

मी खिडकी उघडली. "काका, अहो जपून. कशाला उचलता ओझी? आत या, शेक देते."

ते थांबले. वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. "हो गं," म्हणाले. "जरा जास्तच झालं आज." आणि लंगडत आमच्या दाराकडं आले. मी गरम पाण्याची पिशवी भरली आणि त्या ठणठणीत कमरेला अर्धा तास शेक दिला. दोघांनाही फार बरं वाटलं.

सई दोन महिन्यांची झाली, माझे टाके भरले, मी जिना न धरता उतरायला लागले, आणि काकांची कंबर एका रात्रीत बरी झाली. जाताना कढई ठेवून गेले. राहू दे म्हणाले, लागते.

माझी आई पुढं आली, चालायला लागल्यावर. तिनं सगळ्यात आधी काकांकडं जाऊन त्यांना शेला आणि नारळ दिला. काका इतके अवघडले की बोलताना स्कॉटलंडसुद्धा विसरले. मी कधी काही दिलं नाही. काय देणार? त्या दिवसांत मी जगले ती ह्या माणसामुळं, हे मी इथं लिहून टाकते, कारण तोंडावर सांगितलं तर ते पक्षी दाखवून विषय बदलतील.

ह्या एप्रिलमध्ये आम्ही सगळे बेटावर गेलो होतो. सई आता धावते. काठ्या, दोरी, पाटी, सगळं होतं, पाटीला ह्या वेळी प्लास्टिकचं आवरण. सई दोरीकडं गेली आणि टिटवीच्या भावकीतली ती बया पुन्हा पंख मोडून पडली. सई तिच्या मागं निघाली, दोन्ही हात पसरून, "बर्डी ओवी, बर्डी ओवी," करत, म्हणजे पक्ष्याला बाऊ झाला. काका तिच्या मागं गेले, गुलाबी गेंदांच्या कडेकडेनं. पार टोकाला पक्षी उडाला. सई ज्या चेहऱ्यानं बघत राहिली तो बघून काका खाली वाळूत बसले आणि हसायला लागले. बराच वेळ हसले. मग चष्मा काढून पुसला. मी आणि ओंकार लांबच थांबलो.

परवा कळलं, कॉलनीच्या पलीकडच्या रांगेत एक नवीन जोडपं आलंय. मुलगी अकोल्याची, शिल्पा नाव. आठवा महिना. आईला येता येत नाही. ग्रुपवर डब्यांची लिंक आली, आणि पाच मिनिटांत खाली शिल्पाचा मेसेज, "थँक्यू ऑल, वी विल मॅनेज." दोन हात जोडलेले.

मी काकांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "ती शिल्पा आहे ना, नवीन आलेली, तिच्याकडं खालची खोली रिकामी आहे. मी बघून आलेय. बाथरूम लागूनच आहे."



"हं," काका म्हणाले. "माझी कंबर परवापासून जरा कुरकुरतेय."

"मला वाटलंच होतं. जपा काका. कढई धुऊन ठेवलीय, ओंकार आणून देईल."

"बरं." मग म्हणाले, "तिच्याकडं हळद असेल ना गं?"

"असेल की."

"असू दे. मी नेतो आपली."